आश्रयगृहातील पिलू आणि आपला विद्यार्थी



गेल्या डिसेंबरात एका दोनशिक्षकी शाळेस भेट देण्यास गेलो असता चौथीच्या वर्गात नेहमीचा उत्साह दिसेना. पाढे विचारले, ते आले. कविता म्हणावयास सांगितली, ती म्हटली. परंतु मुले आपल्या गुरुजींकडे पाहात नव्हती. मधल्या सुटीत गुरुजींनी कारण सांगितले. शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे सरपण रचलेले असते, तेथे एक कुत्री व्याली होती. पाच पिले झाली. मुले आपल्या ताटातील घास त्यांना नेऊन घालीत. पुढे शाळेच्या आवारात मोकाट कुत्री राहता कामा नयेत, अशी सूचना आली. गुरुजींनी ग्रामपंचायतीस कळविले, ग्रामपंचायतीने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्राणिमित्र संस्थेस कळविले, आणि एके दिवशी गाडी येऊन आईसह पिले घेऊन गेली. गुरुजींचे काही चुकले नव्हते. परंतु मुलांच्या लेखी त्यांनी पिलांना पकडून दिले होते.

त्याच दिवशी एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. मुलगी हट्ट धरून बसली आहे, त्या पिलांपैकी एक संस्थेकडून मागून आणावे म्हणते. संस्था देते काय, आणणे बरे की नाही, आणले तर काय काय करावे लागते, असे त्यांचे प्रश्न होते. गुरुजींनी ते प्रश्न माझ्यापुढे ठेवले. मी तेव्हा उभ्याउभ्या जे सुचले ते सांगितले. परंतु मागाहून अन्य दोन शाळांतूनही असेच विचारले गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. खेड्यात अशा बाबतीत पहिला सल्ला पशुवैद्याचा घेतला जात नाही, गुरुजींचा किंवा बाईंचा घेतला जातो, हे आपण सर्वजण जाणतो.

प्रथम सूचनेविषयी. सर्वोच्च न्यायालयाने दि. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी असा आदेश दिला की, शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील मोकाट कुत्री तेथून हलवावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. हे काम स्थानिक संस्थेचे आहे. शिक्षकांनी स्वतः कुत्री धरावयाची नाहीत, आणि मुलांकरवी तर मुळीच धरवावयाची नाहीत. त्यापूर्वी, दि. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, ज्यांना मोकाट कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची राहील, असेही न्यायालयाने म्हटले होते. तेव्हा त्या मुलीच्या मनात आलेली गोष्ट विधिबाह्य नाही.

आश्रयगृह म्हणजे काय, याविषयी पालकांच्या मनात दोन टोकांच्या कल्पना आढळतात. कोणास तो कुत्र्यांचा तुरुंग वाटतो, तर कोणास फुकट पिले वाटण्याचे दुकान. वास्तविक ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईस प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली, आणि तिचे परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय सर्वश्रुत आहे. नृत्यकलेच्या क्षेत्रात विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. त्या प्रयत्नातूनच १९६० चा कायदा झाला. ह्या कायद्यान्वये, पाळलेल्या प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध आहे. आखूड किंवा जड साखळीने त्यास गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही अपराध आहे. आपल्या गावी ह्या दोन्ही गोष्टी रोज घडतात, हे लिहिताना संकोच वाटतो.

आश्रयगृहाकडे पिलू मागावयास गेल्यावर ते लगेच हाती देत नाहीत. अर्ज भरून घेतात, ओळखपत्र पाहतात, घरात कोण कोण आहे, अंगण आहे काय, दिवसा घरी कोण असते, हे विचारतात. काही संस्था घर पाहावयास येतात. लस व निर्बीजीकरण करून घेण्याचे लेखी वचन घेतात. एका पालकांनी माझ्याजवळ तक्रार केली की, मुलगी द्यावयाची असल्याप्रमाणे चौकशी करतात! मी त्यांना म्हणालो, जेथे अशी चौकशी करीत नाहीत तेथून पिलू आणूच नका.

उलट पालकांनीही चार प्रश्न अवश्य विचारावेत. पिलू किती आठवड्यांचे आहे? संस्थेत येऊन त्यास किती दिवस झाले? जंतांचे औषध केव्हा दिले? कोणती लस कोणत्या तारखेस टोचली? ह्या सर्वांची नोंद असलेले कार्ड मागून घ्यावे. नोंद नसेल तर काहीच टोचले नाही, असे धरून चालावे.

वयाचा प्रश्न मी पहिला ठेवला, त्यास कारण आहे. कुत्र्याचे पिलू जन्मतः आंधळे व बहिरे असते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते भोवतालचे जग ओळखू लागते, आणि तेव्हापासून साधारण तिसरा महिना संपेपर्यंत त्यास जे जे सौम्यपणे भेटेल, मग ते माणूस असो, कोंबडी असो, ट्रॅक्टरचा आवाज असो, ते पुढे आयुष्यभर परके वाटत नाही. ह्याच काळात भावंडांशी खेळताना ते आणखी एक धडा घेते. जोराने चावले की दुसरे पिलू ओरडते व खेळ थांबवते. त्यावरून किती जोराने चावावे याची मर्यादा त्यास कळते. चार आठवड्यांचे गोजिरवाणे पिलू आईपासून तोडून आणले, तर हा धडा अपुरा राहतो, आणि मग त्याचे दात आपल्या मुलांच्या हातांवर तो पुरा करतात. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिलू आणू नये.

लस एकदाच का टोचत नाहीत, हा प्रश्न शिक्षकही विचारतात. गाईचा चीक वासरास का पाजतात, हे आपण शिकवतोच. पिलासही आईच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात, परंतु त्याच काळात टोचलेल्या लशीसही ती निष्प्रभ करतात. ही द्रव्ये कोणत्या पिलात केव्हा ओसरतील, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून आरंभ करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, लस पुनःपुन्हा देतात. ही लस प्रामुख्याने पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांविरुद्ध असते. पार्व्होमध्ये पिलास उलट्या व रक्ताची हगवण लागते आणि उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत ते दगावते. त्याचे विषाणू मातीत अनेक महिने टिकून राहतात. म्हणून ज्या अंगणात असे पिलू मेले असेल तेथे दुसरे, लस पूर्ण न झालेले पिलू वर्षभर आणू नये. “आमच्या घराला कुत्रे लाभत नाही” असे ज्या घरी म्हणतात, तेथे पुष्कळदा लाभ-अलाभाचा संबंध नसून अंगणातील मातीचा असतो.

रेबीजची, म्हणजे पिसाळरोगाची, लस निराळी. ती तीन महिन्यांच्या सुमारास देतात, पुढे वर्षाने पुन्हा, आणि नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. त्यास तीन-चार आठवडे लागतात. तसेच टोचण्यापूर्वीच पिलास पिसाळलेले कुत्रे चावले असेल, तर मागाहून टोचलेली लस तो दंश पुसून टाकते असे नाही. संस्थेत येऊन किती दिवस झाले, हे विचारावयाचे ते याचसाठी.

घरी आणल्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्या घरी वासरू वाढले आहे त्यांना त्या उमजतात. पहिल्या दोन-तीन रात्री पिलू रडते. ते आईच्या उबेसाठी रडते; त्यास मारू नये, दूर गोठ्यात एकटेही टाकू नये. आश्रयगृहातून येतानाच त्याच्या अंथरुणातील एखादे फडके मागून आणावे व गोणपाटावर घालून त्यावर त्यास निजवावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे खावयास द्यावे. नुसती दूध-भाकरी पुरत नाही, व दुधाने काही पिलांचे पोट बिघडते; भाकरी किंवा भाताबरोबर उकडलेले अंडे किंवा मांसाचा तुकडा लागतो. शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. कांदा, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्यास अपायकारक आहेत. द्राक्षबागांच्या भागातील शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जंतांविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण त्याचा संबंध मुलांच्या आरोग्याशी आहे. गोल जंत पिलास आईच्या पोटातच लागतात. म्हणून दिसावयास स्वच्छ असलेल्या पिलाच्या पोटातही ते असतात. दोन आठवड्यांचे झाल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्यास, व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतांचे औषध देण्याची पद्धत आहे. पिलाच्या विष्ठेतून पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत; मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावर बाधक होतात. यावरूनच उपाय कळतो. विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी, आणि मातीत खेळून आल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज मुलाने ताटावर बसू नये. आपल्या शाळेत हात धुण्याची रांग लागतेच. ती का लागते याचे एक कारण मुलांस या निमित्ताने सांगता येईल.

आता मुख्य गोष्ट. पिलू चावते. रागाने नव्हे, खेळताना चावते. दुधाचे दात सुईसारखे असतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडून नवे येऊ लागले की हिरड्या शिवशिवतात. मुलाच्या हातावर ओरखडा उठणार, हे गृहीत धरावयाचे. प्रश्न असा की, तो ओरखडा मूल घरी सांगेल काय?

१९९४ साली मी एका वाडीवरील एकशिक्षकी शाळेत होतो. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडून चारच वर्षे झाली होती. तिसरीतील एका मुलाने दप्तराच्या पिशवीतून पिलू वर्गात आणले. वर्गात गोंधळ उडाला. मी पिलू बाहेर काढले आणि सर्वांसमक्ष म्हणालो, “हे कुणाला चावले तर त्याच दिवशी नदीपलीकडे सोडून येईन, आणि ज्याला चावेल त्याला पोटात चौदा इंजेक्शने!” वर्ग शांत झाला. मला वाटले, शिस्त लागली.

त्यानंतर काही दिवसांनी ते पिलू त्या मुलाच्या मनगटास चावले. त्याने कोणासही सांगितले नाही. तो बाहीचे बटण लावून शाळेत येऊ लागला. पिलू पुढे खाईना, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, आवाज बदलला आणि ते मेले. तरीही मुलगा बोलला नाही. नवव्या दिवशी आजीने अंघोळ घालताना मनगटावरील खपली पाहिली व विचारले, तेव्हा तो रडू लागला. त्याच रात्री त्याला बैलगाडीने, व पुढे मालमोटारीने, तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पिलास तोच रोग होता की अन्य काही, याची तपासणी झाली नाही. परंतु मुलास सर्व इंजेक्शने दिली, आणि तो वाचला. आज त्याची स्वतःची मुले शाळेत जातात. ते नऊही दिवस तो माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसला होता. मी त्याची शुद्धलेखनाची वही रोज तपासली. मनगट पाहिले नाही.

त्या काळी पोटातील इंजेक्शने खरी होती. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती लस कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास सिद्ध केली होती, आणि ती रोज एक याप्रमाणे कित्येक दिवस पोटावर टोचावी लागे. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. परंतु ‘पोटात चौदा’ ही धास्ती अजून गावोगाव शिल्लक आहे. ज्या मुलांचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला, त्यांच्याही तोंडी मी ती ऐकली आहे. आज सरकारी रुग्णालयातून दिली जाणारी लस दंडाच्या कातडीत टोचतात: पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस येथे शून्य धरतात, हे गणिताच्या तासाला सांगण्यासारखे आहे. जखमेतून रक्त आले असल्यास त्याखेरीज जखमेत व तिच्याभोवती आणखी एक औषध टोचावे लागते. ते प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी चौकशी करून ठेवावी.

दवाखान्यात नेण्यापूर्वी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हा उपाय साधा आहे म्हणून त्याची उपेक्षा होते. परंतु विषाणूंची संख्या कमी करण्यास त्याच्याइतके हाताशी असलेले दुसरे साधन नाही. हळद, चुना, मिरची, तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. पिलू घरचे आहे, लहान आहे, त्यास लस टोचली आहे, ही कारणे सांगून दवाखाना टाळू नये. पिलू दहा दिवस नजरेखाली ठेवावे. ते दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे कळते, व पुढील इंजेक्शनांविषयी डॉक्टर ठरवतील. परंतु आरंभ त्या दहा दिवसांसाठी थांबवावयाचा नाही. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यापूर्वी योग्य उपचार झाल्यास जवळजवळ नेहमी वाचतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी ज्यास पहिली लस टोचली तो जोसेफ मैस्तर नऊ वर्षांचा होता. आपल्या तिसरी-चौथीच्या वयाचा!

म्हणून पिलू घरी येण्यापूर्वी पालकांकडून एक वचन घ्यावे, आणि ते मुलासमोर घ्यावे: पिलू चावले किंवा त्याचे नख लागले, तर मुलास कोणी मारणार नाही आणि पिलासही कोणी हाकलणार नाही. हे वचन द्यावयास पालक तयार नसतील तर पिलू न आणणेच बरे. मुलास लपविण्याचे कारण आपणच पुरवतो, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे.

महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभी सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थानी आलेल्या तिच्या पिलास त्याच्या भावांनी मारले. पिलू रडत आईकडे गेले. तू काही अपराध केला असशील, असे आईने विचारले. पिलू म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्यास चाटलेही नाही. तेव्हा सरमा थेट राजाच्या यज्ञस्थानी जाऊन जाब विचारते. कथा लहान आहे. चौथीस सांगता येते. त्या पिलाजवळ निदान सांगावयास कोणी होते, हे मला त्या कथेत विशेष वाटते.

आणखी एक अडचण शिक्षकांच्या कानी येईल. “कुत्रा द्या, कुत्री नको,” असे पालक म्हणतात. (हे वाक्य किंचित बदलून मी अन्य प्रसंगीही ऐकले आहे.) मादी सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा पिले होऊ शकतात, ही भीती खरी आहे, परंतु निर्बीजीकरणाने ती निवारता येते. आश्रयगृहात माद्याच मागे राहतात, म्हणून त्यांच्यातून पिलू निवडण्यास वाव अधिक असतो, आणि राखणीस मादी कमी पडते असा माझा अनुभव नाही. पालकांना वयाचा हिशेबही मांडून दाखवावा. कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. आज चौथीत असलेली मुलगी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल, कदाचित गावात नसेलही. म्हातारे कुत्रे तेव्हा कोणाचे, हे आजच आजोबांनी वा धाकट्या भावाने सांगून ठेवावे.

आरंभी उल्लेखिलेल्या शाळेतील हकिगत पुढे अशी झाली. मुलांनी पिलांची जन्मतारीख, ४ ऑक्टोबर, स्वयंपाकखोलीच्या मागील भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती. गुरुजींनी ती पुसावयाचे ठरविले होते, ती त्यांनी फळ्यावर घेतली. आठ आठवडे केव्हा पुरे झाले, सोळा आठवडे केव्हा होतील, तीन महिने कोणत्या दिवशी, हे वर्गाने मोजून काढले. २९ नोव्हेंबर, २४ जानेवारी, आणि ४ जानेवारी. त्यातील ४ जानेवारीस रविवार आला, म्हणून पिसाळरोगाची लस सोमवारी ५ तारखेस, असे एका मुलाने दुरुस्त केले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीचे वडील पिलू घेऊन आले. मादी आहे. जानेवारीअखेर गुरुजींचे पत्र आले, त्यात लस वेळेवर झाल्याचे कळविले आहे. मुलीच्या बोटास दोनदा ओरखडा उठला. दोन्ही वेळा तिने प्रथम गुरुजींना येऊन सांगितले, व पहिल्याच वेळी तिला इंजेक्शने सुरू केली. चारही वेळा ती वडिलांच्या सायकलवरून आरोग्य केंद्रात गेली. दुसऱ्या ओरखड्याच्या वेळीही डॉक्टरांना दाखविले.

उरलेल्या चारांपैकी तीन पिले अन्य गावी गेली, एक पार्व्होने दगावले. आईचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले आहे. ती शांत आहे, मुलांची सवय असलेली आहे, तिला आता जंतांखेरीज फारसे औषधपाणी लागणार नाही, आणि शेतावरील घरास अशी प्रौढ कुत्री पिलापेक्षा पुष्कळदा अधिक सोयीची असते. तिच्यासाठी मात्र पत्र येईपर्यंत कोणी विचारणा केलेली नव्हती.